दुरुस्त करून विकायला जुना गिटार अ‍ॅम्प: व्हॉल्व्ह घ्यावा की ट्रान्झिस्टर?

जुना अ‍ॅम्प घ्यायचा, नीट करायचा आणि विकायचा असा विचार असेल, तर ब्रँडचं नंतर बघा. आधी आत व्हॉल्व्ह (तापून चालणाऱ्या काचेच्या नळ्या) आहेत, ट्रान्झिस्टर आहेत की डिजिटल बोर्ड, ते विचारा. काय बिघडलेलं निघेल, ते तुमच्या हातून दुरुस्त होईल का आणि पुढे गिऱ्हाईक कोण येईल, हे सगळं त्यावर ठरतं.

डिजिटल मॉडेलिंगवाल्यांचं, म्हणजे दुसऱ्या अ‍ॅम्पच्या आवाजाची सॉफ्टवेअरने नक्कल करणाऱ्यांचं, आधी उरकून टाकू. चालू असेल तर साफसूफ करून विकता येतो. बंद असेल तर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. बारीक बारीक भाग, त्याच कंपनीचं सॉफ्टवेअर, सर्किटचा नकाशा सहसा मिळत नाही. बोर्ड गेला की अख्खा बदलायचा, आणि मॉडेल बंद झालं असेल तर तोही मिळणं कठीण.

आता खरी निवड.

ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प जड नसतो, मिळतो सहज, आणि त्याचे बरेच आजार किरकोळ असतात. सतत केबल घालून-काढून इनपुट जॅकचे सोल्डर तडकलेले असतात. नॉब फिरवला की खरखर येते. पॉटमध्ये, म्हणजे नॉबमागच्या फिरत्या भागात, कॉन्टॅक्ट क्लीनर मारून नॉब वीस-तीस वेळा फिरवला की बहुधा जाते. मी एकदा ‘आवाज मधेच जातो’ म्हणून टाकून दिलेला अ‍ॅम्प घेतला होता. मागे इफेक्ट लूपचे (बाहेरचा इफेक्ट मधे जोडायचे) सेंड आणि रिटर्न असे दोन जॅक होते. त्या दोन्हींत एक छोटी केबल जोडली आणि आवाज भरभरून परत आला. जॅकच्या आतल्या स्विचची पट्टी काळवंडली होती, बाकी काही नाही. तेव्हापासून असा कुठलाही अ‍ॅम्प बघायला जाताना ती वीतभर केबल खिशात असते.

मोठा बिघाड म्हणजे आउटपुटचे ट्रान्झिस्टर किंवा आयसी जळणं. अशा वेळी स्पीकरच्या तारांवर सरळ डीसी येतो आणि स्पीकरची कॉइल जळते. म्हणून स्पीकर काढून आउटपुटवर मल्टिमीटर लावा. काही मिलिव्होल्ट दिसले तर ठीक. व्होल्टमध्ये आकडा आला तर स्पीकर जोडूच नका. स्पीकर काढून अ‍ॅम्प चालू केला तरी ट्रान्झिस्टरवाल्याला सहसा काही होत नाही. व्हॉल्व्हवाल्याचं नेमकं उलटं: स्पीकर न जोडता वाजवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो, आणि तो आतल्या सगळ्यांत महागड्या भागांपैकी एक.

ट्रान्झिस्टरची अडचण विकताना कळते. रोलँडचा जेसी-१२० १९७५ साली आला आणि त्याला आजही मागणी आहे, पण असे थोडे. साध्या सरावाच्या अ‍ॅम्पला गिऱ्हाईक नवशिकं असतं आणि ते नव्या अ‍ॅम्पच्या किमतीकडे बोट दाखवतं. मेहनत थोडी, सुटणारे पैसेही थोडे.

व्हॉल्व्ह अ‍ॅम्पमध्ये पैसे सुटतात, कारण विकणारा घाबरलेला असतो. गुणगुण येते, फटफट होते, एखादा व्हॉल्व्ह पेटत नाही, की तो काढून टाकायला बघतो. गुणगुण नीट ऐकली तर बरंच कळतं. ५० हर्ट्झच्या विजेवर १०० हर्ट्झची, जराशी कर्कश गुणगुण असेल तर संशय फिल्टर कपॅसिटरवर, म्हणजे आतला वीजपुरवठा सपाट करणाऱ्या भागांवर, घ्या. पंधरा-वीस वर्षांत ते आतून सुकतात. ५० हर्ट्झची, खालच्या सुराची गुणगुण असेल तर अर्थिंग, केबल किंवा एखादा व्हॉल्व्ह तपासा. अ‍ॅम्प चालू ठेवून लाकडी काडीने प्रीअ‍ॅम्पच्या (आवाज वाढवण्याच्या पहिल्या टप्प्याच्या) १२एएक्स७ नावाच्या व्हॉल्व्हवर हळूच टिचकी मारा. स्पीकरमधून घंटेसारखा नाद आला तर व्हॉल्व्ह मायक्रोफोनिक झालाय, म्हणजे हादराही आवाज म्हणून पकडतोय. तो बदलणं दोन मिनिटांचं काम. पॉवर व्हॉल्व्हमधली (स्पीकर चालवणाऱ्या मोठ्या व्हॉल्व्हमधली) धातूची प्लेट लालभडक होत असेल तर लगेच बंद करा. तिथे बायस (व्हॉल्व्हमधून किती प्रवाह जावा ते ठरवणारा व्होल्टेज), कपलिंग कपॅसिटर किंवा व्हॉल्व्हच बिघडलेला असतो.

ही सगळी तपासणी झाकण न उघडता. उघडणार असाल तर आधी हे वाचा. आत ३०० ते ५०० व्होल्ट डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटर तो धरून बसतात. इन्सुलेशन असलेल्या तारेवर १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर लावून प्रत्येक फिल्टर कपॅसिटर चॅसिसकडे (धातूच्या सांगाड्याकडे) रिकामा करा, एक हात पाठीमागे ठेवा आणि मल्टिमीटरवर १० व्होल्टच्या खाली आकडा दिसल्याशिवाय आत बोट घालू नका. हे शिकवणारं माणूस जवळ नसेल तर व्हॉल्व्ह अ‍ॅम्प घेऊ नका. जुन्या अ‍ॅम्पला दोन पिनांची वायर असेल तर अर्थिंगसह तीन पिनांची बसवून घेतल्याशिवाय तो कुणाला विकूही नका. माणूस तारा धरून वाजवणार असतो.

हिशेबही वेगळा मांडावा लागतो. पॉवर व्हॉल्व्हची नवी जोडी आणि कपॅसिटर धरूनच घेण्याची किंमत ठरवा. ट्रान्सफॉर्मर गेलेला निघाला तर नफा गेला. घेताना स्पीकर मोजा. ८ ओहमचा स्पीकर मीटरवर साधारण ६-७ दाखवतो, काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटलीय.

मला विचाराल तर पहिले दोन-तीन ट्रान्झिस्टरवाले घ्या, सोल्डरिंगचा हात बसू द्या. मग छापील बोर्डाचा एखादा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प, ज्याचे आजार ठाऊक आहेत असा. फेंडरचा हॉट रॉड डिलक्स त्याचं चांगलं उदाहरण: त्यातले ४७० ओहमचे दोन ५ वॅटचे रेझिस्टर तापून आपल्याच खालचं सोल्डर सैल करतात. ते काढून बोर्डापासून जरा उंचावर पुन्हा बसवले की काम झालं.

जुन्या, नावाजलेल्या अ‍ॅम्पवर मात्र नवं कापड, नवा रंग चढवू नका. त्यांना मूळ रूपातच किंमत येते. काढलेले स्पीकर, नॉब, कपॅसिटरसुद्धा पिशवीत घालून, काय बदललं ते कागदावर लिहून अ‍ॅम्पसोबत द्या.