झाडावर चढायचा दोर: बाजारातला, गिर्यारोहणाचा की झाडकामाचा?

झाडं छाटायचं काम दोर लावून, नीट पद्धतीने करायचं ठरवलं की बडोद्यातल्या माणसापुढे पहिल्याच आठवड्यात तीन दोर येतात. एक, दोरीच्या दुकानात किलोवर मिळणारा पिळाचा. दुसरा, सह्याद्रीत कडे चढलेल्या एखाद्या मित्राने देऊ केलेला गिर्यारोहणाचा. तिसरा खास झाडकामासाठी विणलेला. तो बाहेरून मागवावा लागतो आणि त्याची किंमत ऐकून घरचे म्हणतात, ‘अहो, दोरच ना तो?’ मी हे तिन्ही वापरले आहेत. पहिला वापरायलाच नको होता.

दोर घेताना जो तो आधी विचारतो, किती वजन झेलतो? विचारावं, पण निवड तिथे ठरत नाही. ईएन १८९१ या युरोपीय मानकातल्या ए प्रकारच्या दोराला किमान २२ किलोन्यूटन ताण सोसावा लागतो, म्हणजे साधारण २२४० किलो. गाठ मारली की त्यातली पाव ते एक तृतीयांश ताकद जाते असं धरलं, तरी दीड हजार किलो उरतात. लटकणार तो एक माणूस आणि त्याची करवत. धडधाकट नवा दोर माणसाच्या वजनाने तुटत नाही. तो करवतीखाली येतो, खरखरीत सालीवर झिजतो, गाठीच्या घर्षणाने तापून वितळतो, उन्हात पडून कमजोर होतो. मी दोर या चार गोष्टींवर तोलतो आणि तुम्हीही तसाच तोलावा असं मला मनापासून वाटतं.

बाजारचा दोर इथेच बाद होतो. ‘नायलॉन’ म्हणून जो मिळतो तो बऱ्याचदा पॉलिप्रॉपिलीनचा असतो. ओळखायला सोपं आहे: तुकडा बादलीत टाका. तरंगला तर पॉलिप्रॉपिलीन, बुडाला तर नायलॉन किंवा पॉलिएस्टर. पॉलिप्रॉपिलीन १६५ अंशांच्या आसपास वितळतं, साधं नायलॉन २२० ला, पॉलिएस्टर २५० च्या पुढे. खाली उतरताना दोरावरची सरकगाठ (हाताने सरकवली की सरकणारी, वजन आलं की आवळणारी गाठ) किती तापते हे ज्याने हात लावून पाहिलंय त्याला या आकड्यांचा अर्थ सांगावा लागत नाही. बाबाजीपुऱ्यातल्या एका वाड्याच्या कडुलिंबावरून मी एकदा बाजारच्या दोरीची सरकगाठ लावून घाईने उतरलो होतो. जमिनीवर आलो तेव्हा गाठीचा आतला भाग काचेसारखा चकाकत होता आणि बोटाने वाकत नव्हता. झाड आणखी दोन माणसं उंच असतं तर काय झालं असतं, याचा विचार मी आजही करतो. शिवाय पिळाच्या दोरावर मोकळं लटकलं की पीळ उलगडू पाहतो आणि माणूस गरगर फिरतो. छाटलेल्या फांद्यांचे भारे बांधायला हा दोर उत्तम. स्वतःला बांधायला नाही.

गिर्यारोहणाच्या दोराची गोष्ट वेगळी. तो चांगलाच असतो, पण त्याचं काम निराळं. कड्यावरून पडणाऱ्याला झटका बसू नये म्हणून तो मुद्दाम ताणला जातो. नुसत्या माणसाच्या वजनाने असा दोर ७ ते ९ टक्के लांबतो. म्हणजे वीस मीटर दोर सोडून तुम्ही फांदीवरून वजन दोरावर टाकलंत की दीड मीटरच्या आसपास खाली जाता. करवत जिथे धरली होती तिथे ती राहत नाही. छातीसमोरचा काप डोक्यावर जातो. चढतानाही पहिल्या कितीतरी ओढी नुसता ताण काढण्यातच जातात. कमी ताणाचा, म्हणजे कमी लांबणारा, दोर त्याच ठिकाणी जेमतेम पाऊण मीटर देतो. आणि मित्राने दिलेला जुना दोर असेल तर तो पडण्याचे किती झटके झेलून आलाय हे त्यालाही आठवत नसतं. प्रेमाने परत करावा. मात्र त्याच मित्राकडे गुहांत उतरण्याचा किंवा बचावकामाचा ११ मिलिमीटरचा कमी ताणाचा दोर असेल आणि तो नवाकोरा असेल, तर गोष्ट बदलते. त्याकडे पुढे येतो.

झाडकामाच्या दोरांतही एकच एक उत्तर नाही. विणीत किती पदर आहेत त्यावरून त्यांचा स्वभाव ठरतो.

सोळा पदरांचा दोर जाड असतो, साडेबारा-तेरा मिलिमीटरचा. त्याचं जाड आवरणच बहुतेक भार घेतं. गाभा दोर गोल राहावा एवढ्यापुरता. त्यामुळे तो थेट बेचक्यातून ओढला तरी तग धरतो, आणि दोराच्याच शेपटाने मारलेली ब्लेक्सची सरकगाठ त्यावर छान बसते. जास्तीचं सामान लागत नाही. शिकणाऱ्याला मी हाच सुचवतो. चोवीस पदरांचा दोर बारा मिलिमीटरच्या आतबाहेर, मऊ, हातात सळसळत जाणारा. आवरण आणि गाभा दोघे भार वाटून घेतात. वेगळ्या दोरीची सरकगाठ आणि छोटी कप्पी लावून काम करायचं असेल तर हा सुखाचा, पण कडुलिंबाच्या भेगाळ सालीवरून तो नुसता ओढू नका. आवरण लवकर पिंजतं. त्यासाठी दोन कड्यांचा पट्टा फांदीवर टाकून दोर कड्यांतून न्यायचा. दोरही वाचतो आणि झाडाची सालही.

हा शेवटचा मुद्दा बडोद्यात विसरता येत नाही. या शहराचं नावच वडावरून पडलं आहे, आणि १८७९ साली सयाजीराव महाराजांनी उभारलेल्या कमाटीबागेतून नुसती चक्कर मारली तरी कळतं की इथली जुनी झाडं उंचीपेक्षा पसाऱ्याने मोठी आहेत. वडावर काम म्हणजे वर जाणं कमी आणि आडव्या फांदीवरून लांबवर चालत जाणं जास्त. अशा वेळी क्षणाक्षणाला दोर थोडा सोडावा, थोडा आवळावा लागतो, आणि तिथे जाड सोळा-पदरी दोराची गाठ अडकून हात दुखायला लागतात. वड-पिंपळच करायचे असतील तर चोवीस पदरांचा घ्या. वडाचा चीक मात्र दोराला चिकटून कडक होतो. काम झालं की त्याच संध्याकाळी साध्या साबणाच्या गार पाण्यात धुवा आणि सावलीत वाळवा.

आता तो ११ मिलिमीटरचा दोर. तो एकेरी, स्थिर दोरावर चढण्यासाठी. फरक नीट समजून घ्या, कारण यात जीव अडकलेला आहे. दुहेरी पद्धतीत दोराचं टोक तुमच्या अंगावरच्या पट्ट्याला असतं, दोर फांदीवरून जाऊन तुमच्याकडेच परत येतो आणि तुमच्याबरोबर सरकतो. सरकगाठीवर निम्माच भार येतो, फांदीवर तुमच्या वजनाएवढा. चढायला मेहनत जास्त, पण शिकायला सोपी. एकेरी पद्धतीत दोर जागचा हलत नाही, पायाच्या आणि गुडघ्याच्या पकडी लावून माणूस जिना चढावा तसा चढतो. उंच झाडावर दम वाचतो. पण साधी सरकगाठ पूर्ण वजनावर उतरताना जळते. जोडीला जादा घर्षण देणारं साधन लागतंच. आणि दोर बुंध्याला बांधून वरच्या बेचक्यातून आणला असेल तर त्या बेचक्यावर तुमच्या वजनाच्या जवळजवळ दुप्पट भार पडतो. कडुलिंबावर ते चालून जाईल. गुलमोहरावर नाही. गुलमोहराचं लाकूड ठिसूळ, वरून हिरवी दिसणारी फांदी आतून पोकळ निघते. त्यावर मी एकेरी दोर बुंध्याला बांधून कधीच चढत नाही.

हाताने मारलेली गाठ की यांत्रिक साधन, हा वाद झाडकाम करणाऱ्यांत संपत नाही. माझं मत गाठीच्या बाजूने आहे, निदान पहिली दोन वर्षं. गाठ बिघडली की दिसते, दोरी झिजली की दोरी बदलता येते आणि खर्च थोडा. गाठीची दोरी मात्र अरामिड मिसळलेल्या आवरणाचीच घ्या; अरामिड वितळत नाही. यांत्रिक साधन घेतलंत तर त्यावर कोरलेल्या जाडीचाच दोर त्यात घाला. अर्धा मिलिमीटर कमी म्हणजे सरकण्याचं निमंत्रण.

पट्ट्याची निवड दोरापेक्षा जास्त चुकते, आणि त्याला कारण आपलं शहर. मकरपुऱ्याच्या कारखान्यांमुळे पूर्ण अंगाचा सेफ्टी बेल्ट इथे सहज मिळतो आणि लोक तोच आणतात. त्याची मुख्य कडी पाठीवर असते. तो पडलेल्या माणसाला धरून ठेवण्यासाठी आहे, लटकून काम करण्यासाठी नाही. पाठीवरून लोंबकळणाऱ्याला स्वतःचा दोरही हाताला लागत नाही, आणि मांड्यांचे पट्टे रक्त अडवू लागतात. तसं लटकत राहणं मिनिटांच्या हिशोबात धोक्याचं होतं. हायड्रॉलिक पाळण्यात उभं राहून छाटणी करणार असाल तर मात्र हाच बेल्ट योग्य, त्याची दोरी पाळण्याला अडकवून. झाडात बसून काम करायचं तर ईएन ८१३ आणि ईएन ३५८ या दोन्ही खुणा असलेला, रुंद पाठीचा, मांड्यांना पट्टे असलेला, पुढे सरकता दोर आणि दोन बाजूंना कड्या असलेला पट्टा हवा. तो मोठ्या उंचीवरून पडण्याचा झटका झेलायला बनलेला नाही. म्हणून वरचा दोर कधी ढिला सोडायचा नाही. नुसता कमरेचा पट्टा, जो नारळावर चढणारे अजून वापरताना दिसतात, तो कोणालाही सुचवू नका. त्यावर लटकलेल्या माणसाचा श्वास कोंडतो.

बाजूच्या कड्यांना लावायची आखूड दोरी म्हणजे दुसरा आधार. करवत चालवताना दोन आधार असलेच पाहिजेत, कारण ताणलेल्या दोराला धारदार हातकरवतीचा एक स्पर्शसुद्धा पुरतो. यात साधी दोरी की पोलादी तारेचा गाभा असलेली? तारेची करवतीला जास्त वेळ दाद देत नाही, इतकंच. ती कापलीच जात नाही असं समजू नका. आणि तार वीज वाहते. दांडिया बाजारात, रावपुऱ्यात फांद्यांतून तारा गेलेल्या आहेत, तिथे मी तारेची दोरी नेत नाही. एमजीव्हीसीएल या वीज कंपनीकडून लाईन बंद करून घेतल्याशिवाय तर झाडालाच हात लावत नाही. पावसाने भिजलेला दोरही वीज वाहतो, हे लक्षात असू द्या.

कॅराबिनर, म्हणजे दोर अडकवायचे आकडे, आपोआप बंद होणारे, उघडायला तीन हालचाली लागणारे घ्या. फिरकीचे दोरावर घासून हळूहळू उघडतात.

हेल्मेटमध्ये हनुवटीचा पट्टा बघा. कारखान्याच्या ईएन ३९७ हेल्मेटचा पट्टा अडकल्यास १५० ते २५० न्यूटनला सुटावा असा केलेला असतो, म्हणजे गळफास बसू नये. गिर्यारोहणाच्या ईएन १२४९२ चा ५०० न्यूटनपर्यंत टिकतो, म्हणजे झोका खाऊन खोडावर आदळलात तरी हेल्मेट डोक्यावर राहतं. झाडात दुसरं. खाली उभ्या माणसाला पहिलं चालतं.

करवत-रोधक विजारीबद्दल मला काळजीने लिहावंसं वाटतं. तिच्या आत लांब तंतूंचे थर असतात. साखळी लागली की ते ओढले जाऊन दात्यांच्या चाकात गुंततात आणि साखळी थांबते. पहिल्या वर्गाची विजार सेकंदाला २० मीटर धावणाऱ्या साखळीसाठी तपासलेली असते. ए प्रकार फक्त पुढून झाकतो, सी चहूकडून. जमिनीवर करवत पुढेच असते. झाडात ती कुठेही असते, म्हणून झाडात सी. पण बडोद्याच्या मे महिन्यात पारा ४२ च्या वर जातो आणि सी प्रकारात माणूस तासाभरात घामाने निथळतो. मग पोरं ती काढून ठेवतात आणि साध्या पँटीत इंजिनची करवत वर नेतात. मी उन्हाळ्यात सकाळी सहाला सुरू करून दहाला उतरतो आणि झाडात फक्त हातकरवत वापरतो. काम दुप्पट वेळ घेतं. मांडीची मुख्य रक्तवाहिनी कापली गेली तर वरून खाली आणायला मिळणारा वेळ त्याहून फार कमी असतो.

पायाला लावायचे काटे जिवंत झाडासाठी घेऊच नका. प्रत्येक पावलाला एक भोक, आणि प्रत्येक भोकातून बुरशीला वाट.

दोर ठेवायचा कुठे, हेही ठरवून टाका. स्कूटरच्या डिकीत, गाडीत बॅटरीशेजारी, किंवा घरात ॲसिडच्या बाटलीजवळ नाही. ॲसिडच्या वाफेने नायलॉन खाल्लं जातं आणि वरून काहीच दिसत नाही. न वापरलेला दोरही बहुतेक उत्पादक दहा वर्षांनंतर बाद करायला सांगतात. जड फांद्या खाली सोडायचा दोर वेगळ्या रंगाचा घ्या आणि त्यावर कधी माणूस लटकवू नका. तो रोज झटके खातो.

हातात पैसे मोजके असतील तर माझा क्रम असा: आधी हेल्मेट आणि झाडकामाचा पट्टा, मग सोळा-पदरी दोर ४५ मीटर, मग बाजूची दोरी, मग विजार. यांत्रिक साधनं सगळ्यांत शेवटी. दुसरा दोर आणि दुसरा पट्टा मात्र विजारीच्या पाठोपाठ घ्या, कारण वर अडकलेल्या माणसाला आणायला चढणाऱ्याकडे सामान नसेल तर तो खालून नुसता हाका मारत राहील. अंगणातल्या कडुलिंबावर, जमिनीपासून दोन मीटरवर, एकमेकांना उतरवून बघा. आधी वर मान करून आग्या मोहोळ नाही ना, एवढं पाहून घ्या. त्यावर आपल्या पेटीतलं एकही साधन चालत नाही.