स्पीकरचा आवाज मधेच बसतो? आठ महिने वापरल्यानंतरचा माझा अनुभव

आमच्या सोलापुरात गड्ड्याची जत्रा चालू होती तेव्हा, म्हणजे जानेवारीत, नव्या पेठेतून कॉम्प्युटरला दोन छोटे स्पीकर घेतले, साडेबाराशेला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण निम्मा घोळ त्यांचा नव्हताच. दोन महिने मस्त वाजले. मग गाणं चालू असताना आवाज अचानक एवढा खाली जायचा की वाटावं स्पीकर कुणी शेजारच्या खोलीत नेऊन ठेवलेत, आणि थोड्या वेळानं आपोआप ठीक. दुकानात घेऊन गेलो तर तिथं तासभर खणखणीत, मी आपला येड्यासारखा उभा.

मग घरी पिन काढून मोबाईलला लावली. दोन दिवस आवाज एकदाही पडला नाही, म्हणजे भानगड कॉम्प्युटरात. विंडोजच्या जुन्या कंट्रोल पॅनलमध्ये साउंड उघडा, शेवटी कम्युनिकेशन्स नावाचा टॅब आहे. तिथं आधीपासूनच सेट असतं की कॉल चालू झाला की बाकीचे आवाज ८० टक्के कमी करायचे. बायकोचं मीटिंगचं ॲप मागं चालूच असायचं, कॉल आला की माझं गाणं बसलं! 'डू नथिंग' केलं, विषय संपला.

असं वाटलं खरं. मे महिन्यात परत सुरू. मी म्हटलं अपडेटनं सेटिंग बदललं असणार, त्यातच आठवडा घालवला, पण ह्यावेळी तऱ्हा वेगळी होती हे माझ्या लक्षातच आलं नाही. आधी दोन्ही बाजू एकदम आणि सफाईनं खाली जायच्या, आता फक्त डावा बसायचा, ते पण खरखर करत, टेबलाला धक्का लागला की परत यायचा. मोबाईलला लावलं तरी तेच. (पिन अर्धवट बसली असेल तर तिसराच प्रकार होतो, म्युझिक येतं पण गाणाऱ्याचा आवाज गायब, ते आधी तपासून घ्या.)

दोष निघाला व्हॉल्यूमच्या नॉबमध्ये. आत कार्बनची पट्टी असते, तिच्यावर एक पत्र्याची पातळ जीभ फिरते, दोन बाजूंना दोन वेगळ्या पट्ट्या, म्हणून एकच बाजू जाऊ शकते. आमच्या शेजारी मागांचा कारखाना, सुताचा तूस घरभर, त्यात मी नॉब एकदा लावून ठेवला तो चार महिने हलवलाच नाही, आवाज कीबोर्डवरनंच कमीजास्त करायचो. पिन आणि पॉवरची वायर दोन्ही काढून, मागचे स्क्रू खोलून कॉन्टॅक्ट क्लीनरचा (इलेक्ट्रॉनिक पार्ट साफ करायचा स्प्रे) छोटा फवारा मारला, नॉब ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पंचवीस वेळा फिरवला, नीट वाळू दिला. गंज सोडवायचा तेलकट स्प्रे मारू नका हो, तेल आत राहतं आणि त्याच्यावर धूळ जास्तच चिकटते.

तीन आठवडे चाललं, परत खरखर. शेवटी रिपेअरवाल्याकडनं तो सहा पायांचा पॉटच, म्हणजे नॉबचा तो पट्टी-जीभवाला आतला भाग, बदलून घेतला, शंभर रुपये. त्याला तीन महिने झाले, एकदा पण बसला नाही. आता रोज चालू करताना नॉब दोनदा पूर्ण फिरवतो, आई विचारती, आरती ओवाळतोयस काय बे?

बेस जेमतेमच आहे, साडेबाराशेत अजून काय मागणार. पण समोरचा निळा लाईट रात्री डोळ्यात घुसतो, त्याच्यावर चिकटपट्टी लावलीय.