गार्नाचा ब्लांका की पिकापोल?

स्पेनमधल्या कातालोनियातली पांढरी वाइन घ्यायची, तर तेरा आल्ता भागातली की प्ला दे बाजेस भागातली?

तेरा आल्ताची, गार्नाचा ब्लांका द्राक्षाची वाइन अंगाने भरलेली. तिथे पांढरी द्राक्षं सालीसकट आंबवून 'ब्रिसात' करायची जुनी रीत आहे. रंग मधाकडे झुकतो, जिभेवर किंचित तुरटपणा राहतो. तिथल्या गांदेसा गावातलं बार्बारा फोरेस हे वाइन करणारं घराणं या द्राक्षाला फार मायेने जपतं.

बाजेसची, पिकापोल द्राक्षाची वाइन ताजी, आंबूस. आबादाल या वाइनरीची चाखून बघा. आणि तिथल्या मळ्यांतले दगडी हौद तर पाहावेतच! आतून चकचकीत फरश्या, वर द्राक्षं तुडवायची, खालून वाइन काढायची. अवघड वाटांवरून द्राक्षं वाहून न्यायचे कष्ट वाचायचे.

मासळीबरोबर मी पिकापोलच घेईन. पण एकच बाटली परवडणार असेल, तर ब्रिसात.