अख्खी साइट ब्लॉक की फक्त लिंक?

पायरेटेड पिक्चर अडवायचा तर कोर्टापुढे दोन रस्ते असतात, एकतर सगळी साइटच बंद करा, नाहीतर तेवढीच लिंक. पहिला सोपा वाटतो, पण 2012 ला काय झालं बघा, मद्रास हायकोर्टाचा एका तमिळ पिक्चरसाठी आदेश होता आणि इंटरनेट कंपन्यांनी व्हिमिओ, डेलीमोशन या लोकांनी व्हिडिओ टाकायच्या साइट्ससुद्धा बंद करून टाकल्या, म्हणजे ज्याने स्वतःची शॉर्टफिल्म तिथे टाकली होती तोही गेला, सुक्याबरोबर ओलंही जळालं. जूनमध्ये कोर्टाला सांगावं लागलं की बाबांनो, ठराविक लिंकच बंद करा. 2016 ला मुंबई हायकोर्टात न्या. गौतम पटेलांनीही हेच धरलं, अख्खी साइट हवी असेल तर तिथे कायदेशीर काहीच नाही हे आधी दाखवा.

आता लिंकवाल्या रस्त्याची अडचण पण आहेच, एक काढली की तासाभरात दुसरी हजर. म्हणून 2019 ला दिल्ली हायकोर्टाने पायरसीवरच चालणाऱ्या साइट्स पूर्ण ब्लॉक केल्या, वर त्यांच्या नव्या मिरर साइट्स, म्हणजे दुसऱ्या पत्त्यावरच्या हुबेहूब नकला, यादीत जोडायची सोयही दिली. तशा साइटला ठीक आहे हो, पण जिथे लोक स्वतःचं काम टाकतात तिथे मला लिंकच बरी वाटते, कटकट झाली तरी चालेल.