पहिला नमुना परत करणारी लॅब

राजारामपुरीतल्या या लॅबला मी पाच स्टार देतोय, कारण त्यांनी आमच्या आप्पांचा पहिला नमुना घेतलाच नाही.

आप्पा 71 वर्षांचे. शुगर आहे, उभी हयात गुऱ्हाळात चुलवाणापुढं गेली. ताप, हुडहुडी, छातीत उजवीकडं कळ. मी मेडिकलमधून अमॉक्सिसिलिन आणून तीन दिवस दिलं. ताप हलला नाही. एक्स-रेत उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात न्यूमोनिया निघाला आणि डॉक्टरांनी बेडका तपासायला सांगितला.

लॅबमधल्या ताईंनी मायक्रोस्कोपखाली बघितलं आणि म्हणाल्या, "काका, ही नुसती थुंकी आहे. तोंडातल्याच पेशी दिसताहेत, पू दिसत नाही. यावर कल्चर लावलं तर तोंडातलेच जंतू वाढतील." उद्या सकाळी साध्या पाण्यानं चूळ भरून, खोल श्वास घेऊन छातीतून खोकून काढा आणि दोन तासांत पोचवा, असं सांगून नवी डबी दिली. आधी कुठलं अँटिबायोटिक घेतलंय, हेही विचारून लिहून घेतलं. न्यूमोनियात सगळ्यात जास्त सापडणारा न्यूमोकोकस असल्या गोळ्यांनंतर कल्चरमध्ये बऱ्याचदा उगवतच नाही म्हणे.

दुसरा नमुना मी सकाळी नेऊन दिला. जादा पैसे घेतले नाहीत. दुपारीच ग्रॅम स्टेनचा, म्हणजे जंतू रंगवून मायक्रोस्कोपखाली बघण्याचा, रिपोर्ट आला: भरपूर पू, गुलाबी दांडक्यासारखे जंतू. त्यावरून डॉक्टरांनी संध्याकाळी ॲडमिट करून इंजेक्शन सुरू केलं. तिसऱ्या दिवशी कल्चरमध्ये नाव आलं, क्लेबसिएला. शुगरवाल्यांना हा जंतू जास्त गाठतो, आणि अमॉक्सिसिलिनला तो मुळातच दाद देत नाही. माझे तीन दिवस कुठं गेले ते रिपोर्टवर लिहूनच आलं. मायकोप्लाझ्मा हा न्यूमोनियाचा दुसरा जंतू असता तरी त्या गोळ्या वायाच गेल्या असत्या, त्याला पेशीभित्तिकाच (जंतूभोवतीची भिंत) नसते आणि हे औषध तिच्यावरच घाव घालतं. साध्या ब्राँकायटिसला, म्हणजे श्वासनळ्यांच्या सुजेला, तर बहुतेक वेळा व्हायरस कारण असतो, तिथं अँटिबायोटिकचं कामच नाही. हे सगळं डॉक्टरांनी नंतर समजावलं. मी आधी विचारायला पाहिजे होतं.

तक्रार एकच, जिना. लॅब पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. धाप लागलेले आप्पा मधेच दोनदा बसले. पेशंटला वर चढवू नका, खालून फोन करा, डबी खाली आणून देतात. मला हे दुसऱ्या दिवशी कळलं.