भिंतीवरचा तक्ता की हातातले कार्ड? फिकट अक्षरांच्या तपासणीचे दोन पर्याय

नेहमीच्या तक्त्यावर 6/6, म्हणजे निरोगी नजरेइतके, वाचणारे आजोबा 'दिवेलागणीला पायरीची कड दिसत नाही' असे म्हणतात, तेव्हा त्यांची तक्रार ठळक काळ्या अक्षरांत सापडणार नाही, हे दृष्टितपासणीच्या कामातल्या कोणालाही सांगायला नको. प्रश्न उरतो तो लहान दवाखान्यात कॉन्ट्रास्ट, म्हणजे फिकट गोष्ट तिच्या पार्श्वभूमीपासून वेगळी ओळखण्याची क्षमता, तपासण्यासाठी कोणते साधन घ्यावे एवढाच. मी आधी पेली-रॉबसनचा भिंतीवरचा तक्ता घेतला, काही वर्षे वापरला आणि नंतर मार्सचे हातात धरायचे कार्ड घेतले. दोन्हींमध्ये अक्षरांचा आकार कायम राहतो आणि शाई फिकी होत जाते, तरीही रोजच्या वापरात दोघांचे स्वभाव बरेच निराळे आहेत.

पेली-रॉबसनची बाजू आधी मांडतो, कारण ती कमकुवत नाही. हा तक्ता 1988 पासून वापरात असल्यामुळे रुग्णाचा आकडा एखाद्या जुन्या शोधनिबंधाशी किंवा मोठ्या रुग्णालयाच्या कागदाशी ताडून पाहायचा असेल, तर बहुधा याच तक्त्याचा आकडा समोर असतो. त्याची मोजपट्टी (लॉग प्रमाणातली; आकडा जितका मोठा तितके फिके अक्षर वाचले) 2.25 पर्यंत जाते, तर मार्सची 1.92 ला संपते. चष्मा घालवण्याच्या शस्त्रक्रियेआधी येणारी तरुण मुले मार्सचे कार्ड जवळजवळ शेवटपर्यंत वाचून काढतात आणि मग दोन निरोगी डोळ्यांतला फरक कळेनासा होतो. ज्यांच्याकडे असेच रुग्ण जास्त येतात, त्यांनी पुढचा मजकूर वाचूनही भिंतीवरचा तक्ताच घ्यावा, असे मला वाटते.

माझ्याकडे मात्र मोतीबिंदूचे आणि मॅक्युला, म्हणजे दृष्टिपटलाचा मधला भाग, झिजलेले ज्येष्ठ अधिक, आणि तिथे माझे अडले ते उजेडापाशी. या तक्त्याच्या पांढऱ्या भागाची उजळता चौरस मीटरला सुमारे 85 कँडेला (उजेड मोजायचे एकक) असावी, 60 ते 120 चालेल, असा संकेत आहे. आकडा सोपा वाटतो, पण तो साऱ्या तक्त्यावर सारखा हवा. माझ्या खोलीत ट्यूब तक्त्याच्या वर होती. त्यामुळे वरच्या ठळक ओळी लख्ख उजळत आणि जिथे शाई सर्वांत फिकी, त्या खालच्या ओळी अंधुक राहत. माझ्याकडे उजळता मोजायचे यंत्र नव्हते. मी कोऱ्या कागदाचे दोन तुकडे तक्त्याच्या वरच्या आणि खालच्या कडेला चिकटवून तीन पावले मागे गेलो, तेव्हा खालचा तुकडा चक्क करडा दिसला. भरीला पश्चिमेची खिडकी होतीच. पावसाळ्यात एका डोळ्याची तपासणी संपून दुसऱ्याची सुरू होईपर्यंत ढग येई आणि दोन डोळ्यांतला फरक खरा की आभाळाचा, हे ठरवता येत नसे. एका निवृत्त शिक्षकांचा आकडा ऑगस्टमध्ये 1.20 आला आणि डिसेंबरमध्ये, कोणताही उपचार न होता, 1.50. मधल्या काळात मी जुनी ट्यूब बदलली होती. या तक्त्यात सारख्याच फिक्या तीन-तीन अक्षरांच्या तिकड्या असतात; एका तिकडीचा, म्हणजे 0.15 चा फरक एरवीही पडतो. दोन तिकड्यांचा पडल्यावर मला माझ्याच नोंदवहीवर विश्वास ठेवणे जड जाऊ लागले. दोन्ही बाजूंनी दिवे, खिडकीला जाड पडदा अशी सोय करता आली असती, पण खोली भाड्याची होती आणि तीच भिंत इतर कामांनाही लागत होती.

मार्सचे कार्ड वहीपेक्षा थोडे मोठे आहे. तेवढ्या जागेवर टेबलावरच्या एका दिव्याचा उजेडही सारखा पडतो आणि खिडकीकडे पाठ करून बसले की काम भागते. उजळतेची अपेक्षा तीच आहे, फक्त ती पूर्ण करणे माझ्या आवाक्यात आले. शिवाय इथे अक्षरागणिक 0.04 ची पायरी असल्यामुळे सलग दोन अक्षरे चुकेपर्यंत वाचून घेता येते. पेली-रॉबसनमध्ये तिकडीतली दोन अक्षरे ओळखली की पूर्ण तिकडी पदरात पडते, आणि हा हिशेब मला नेहमीच थोडा सढळ वाटत आला आहे.

टॅबलेटवरची ॲप्स मी फार वापरली नाहीत. साध्या पडद्यावर पांढऱ्याच्या लगतची छटाच पांढऱ्यापेक्षा साधारण एक टक्का गडद असते, तर भिंतीवरच्या तक्त्यातले शेवटचे अक्षर अर्धा टक्क्याच्या आसपासच गडद असते. हा प्रश्न ॲपने वेगळ्या युक्तीने सोडवलेला आहे की नाही, हे विकत घेण्याआधी जरूर विचारावे.

दोन्ही साधनांत तीच दहा रोमन अक्षरे आहेत, आणि मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेल्या आजींना ती नावाने सांगता येत नाहीत. मी दहाही अक्षरे मोठ्या ठळक आकारात एका पुठ्ठ्यावर लिहून ठेवली आहेत. आजी त्यावर बोट ठेवतात. भिंतीवरच्या तक्त्यासाठी त्यांना मांडीवरच्या पुठ्ठ्याकडे आणि परत मीटरभर दूर पाहावे लागे, आणि ज्यांच्या दृष्टीच्या मधोमध डाग आहे त्यांना आधीचे फिकट अक्षर पुन्हा सापडत नसे. 'अहो, इथे काही छापलेलंच नाही,' हे वाक्य मी तेव्हा फार वेळा ऐकले. आता पुठ्ठा कार्डाशेजारीच उभा असतो.

कार्डाचे दोषही आहेत. रुग्ण ते नकळत चेहऱ्याजवळ ओढतात किंवा असे कलते करतात की दिव्याची चमक नेमकी अक्षरावर येते. अक्षर दाखवताना कार्डाला बोट लागले, तर तो डाग पुढे फिक्या अक्षरासारखाच दिसतो. म्हणून मी कार्ड स्टँडवर ठेवतो, गिरवायचे झाल्यास हवेत गिरवायला सांगतो आणि कार्ड डोळ्यांपासून 50 सेंटिमीटरवर राहावे म्हणून स्टँडला बांधलेली सुतळी दर वेळी कपाळापर्यंत ताणून पाहतो. भिंतीवरचा तक्ता मी विकलेला नाही. शस्त्रक्रियेआधीच्या तरुणांसाठी तो निघतो, पण सूर्य मावळल्यावर. सुतळी वापरून वापरून सैल पडते आणि अधूनमधून पट्टीने मोजून पुन्हा बांधावी लागते, एवढी कटकट मी पत्करली आहे.