चित्रांची कादंबरी की अक्षरांची?

माझी भाची नऊ वर्षांची असताना तिने एक जाडजूड ग्राफिक नॉव्हेल, म्हणजे चौकटींतल्या चित्रांतून आणि संवादांतून सांगितलेली कादंबरी, पाऊण तासात संपवलं. मी मनातल्या मनात किमतीला मिनिटांनी भागलं आणि हळहळलो. रात्री पाहतो तर तेच पुस्तक पुन्हा उघडलेलं, आणि बाई एका पानावर अडून बसलेल्या. ‘मामा, याला आधीपासून माहीत होतं बघ. मागच्या पानावर त्याचे डोळे बघ ना.’ सकाळी गोष्ट नुसती गिळून झाली होती, आता रवंथ चालला होता.

त्यामुळे ‘मुलाला ग्राफिक नॉव्हेल द्यावं की साधी कादंबरी’ असं कुणी विचारलं, की मी उलट विचारतो: पोर वाचताना नेमकं अडतं कुठे?

शब्द वाचता येतात पण पानभर मजकूर दिसला की धीर सुटतो, अशा मुलाला चित्रांची कादंबरी खरोखर हात देते. जागा कुठली, कोण बोलतंय, कुणाचा चेहरा पडलाय, हे चित्र सांगून टाकतं. सगळा जोर मग संवादावर लावता येतो. पण म्हणून हे वाचन आयतं मिळतं, असं समजू नका. एका चौकटीत टेबलाच्या कडेला दुधाचा पेला. पुढच्या चौकटीत जमिनीवर काचा आणि मिशा चाटणारं मांजर. पेला पडताना कुणीच दाखवलेला नाही, तो वाचणाऱ्याने मनात पाडला. दोन चौकटींमधल्या या मोकळ्या पट्टीला इंग्रजीत ‘गटर’ म्हणतात (आपल्याला हसू येणारच). स्कॉट मॅक्लाउड या कॉमिक्सकाराने 1993 साली कॉमिक्सवर एक अख्खं पुस्तक लिहिलं, तेही कॉमिक्सच्याच रूपात, आणि या माध्यमाची खरी जादू त्या पट्टीत आहे असं दाखवून दिलं.

नुसत्या अक्षरांच्या कादंबरीत काम वेगळं असतं. तिथे मांजराचा रंगही वाचणाऱ्यालाच ठरवायचा. लांब वाक्याचं शेपूट येईपर्यंत त्याचं डोकं लक्षात ठेवायचं. माणसाच्या मनात बराच वेळ राहायचं, बाहेर काही घडत नसतानाही. ही दमछाक सोसायची सवय कादंबरीच लावते, चौकटी लावत नाहीत. ज्याला हे जमतं आणि आवडतं, त्याला केवळ फॅशन म्हणून चित्रांकडे वळवण्यात अर्थ नाही.

‘कॉमिक्सने शब्दसंपत्ती वाढत नाही’ ही तक्रार मात्र फारशी टिकत नाही. हेझ आणि आरेन्स या संशोधकांनी 1988 साली इंग्रजीतले क्वचित वापरले जाणारे शब्द मोजले, तेव्हा दर हजार शब्दांमागे असे शब्द मुलांच्या पुस्तकांत सुमारे 31 आणि कॉमिक्समध्ये 53 निघाले. अर्थात ते गुणोत्तर झालं. कॉमिक्सच्या एका पानावर मुळात शब्दच कमी असतात, तेव्हा या आकड्यावर फार उड्या मारू नयेत.

झोपताना वाचून दाखवायचं असेल तर मी बिनशर्त कादंबरीच्या बाजूने. ग्राफिक नॉव्हेल मोठ्याने वाचून पाहा: ‘हा म्हणतो... मग ती म्हणते... आता इकडे बघ, हा रडतोय.’ दोघांचाही जीव मेटाकुटीला येतो.

सगळ्यात जास्त चुका वयाच्या बाबतीत होतात. चित्रं दिसली की पुस्तक लहान मुलांचं, असा आपला सरधोपट हिशोब. 1992 साली पुलित्झर हा अमेरिकेतला मानाचा पुरस्कार विशेष म्हणून मिळालेल्या ‘माउस’ या ग्राफिक नॉव्हेलमध्ये ज्यू माणसं उंदरांच्या आणि नाझी मांजरांच्या रूपात आहेत, आणि विषय आहे ज्यूंचा वंशसंहार. मुखपृष्ठावर उंदीर पाहून सात वर्षांच्या मुलाला ते देऊ नका. उलट, जेरी क्राफ्ट यांचं ‘न्यू किड’ शाळा बदललेल्या मुलाचं आहे, ते दहा-बारा वर्षांच्या मुलांना नेमकं बसतं. त्याला 2020 साली न्यूबेरी पदक, म्हणजे मुलांच्या पुस्तकांसाठीचा अमेरिकेतला मोठा पुरस्कार, मिळालं. हे पदक मिळवणारं ते पहिलंच ग्राफिक नॉव्हेल.

मांगा, म्हणजे जपानी कॉमिक्स, घेणार असाल तर एक गोष्ट आधीच सांगून ठेवा: ती बहुतेक वेळा उजवीकडून डावीकडे वाचायची असते.

दोन्हींच्या मधलीही एक वाट आहे. ब्रायन सेल्झनिक यांच्या ‘द इन्व्हेन्शन ऑफ ह्यूगो कॅब्रे’ला पाचशेवर पानं आहेत, पण त्यातली कितीतरी नुसती चित्रांची. गोष्ट काही पानं चित्रांतून धावते, मग मजकुरात शिरते, पुन्हा चित्रांत येते. जाड पुस्तकाला घाबरणाऱ्या मुलाला ते हातात धरण्याचाच केवढा रुबाब वाटतो.

ठरत नसेल तर विकत घेण्याआधी मुलाला दोन्ही प्रकारांचं एकेक पान वाचू द्या. चित्रांच्या पानानंतर विचारा, ‘या दोन चौकटींच्या मधे काय झालं?’ मजकुराच्या पानानंतर विचारा, ‘तुला काय दिसलं?’ ज्याचं उत्तर लांबत जाईल, ते पुस्तक घ्या.